‘दोन चहांच्या पैशात सगळे सामने’ म्हणणाऱ्यांना

गेला महिनाभर एकच मजकूर आधी आमच्या वाड्याच्या ग्रुपवर, मग नातेवाइकांच्या आणि शेवटी बाबांच्या देवस्थानाच्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘पूर्वी एका मॅचसाठी दुसऱ्याच्या दारात बसायचो. आज महिन्याला दोन चहांच्या पैशात जगातले सगळे सामने हातात आहेत, तरी लोकांची रड संपत नाही. फुकटची सवय लागलीय, दुसरं काय! परवडत नसेल तर दूरदर्शन आहेच. चॅनल दिसेनासं झालं तर दोष केबलवाल्याचा. आणि आपण पैसे दिले नाहीत तर आपले क्लब जगणार कसे?’ खाली टाळ्या वाजवणारे हात. मला तो आमच्या काकांकडून आला. काकांशी मी कधी वाद घातला नाही, पण या मजकुराशी घालणार आहे.

दोन चहांपासून सुरुवात करू. सामने दाखवणारं जिओहॉटस्टार हे ॲप १४ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झालं तेव्हा सर्वांत स्वस्त पॅक तीन महिन्यांना १४९ रुपयांचा होता. महिन्याला पन्नासच्या आत, हे खरं. पण तो एका मोबाइलपुरता. तेच चित्र घरातल्या टीव्हीवर हवं असेल तर तेव्हा २९९ चा पॅक होता, शिवाय घरात चांगलं इंटरनेट हवं आणि ॲप चालेल असा टीव्ही हवा. हा बाकीचा खर्च फॉरवर्ड लिहिणाऱ्याने धरलेलाच नाही. आमच्या बाबांचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. गेल्या आयपीएलला मी त्यांना मोबाइल लावून दिला होता. त्यांनी तो आधी हातभर लांब धरला, मग नाकाजवळ आणला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पाच मिनिटांनी मला म्हणाले, “चेंडू खंय गेलो तो तू सांग, मी आयकता.” म्हणजे रेडिओवरची कॉमेंट्री ऐकणारा माणूस पन्नास वर्षांनी पुन्हा कॉमेंट्रीच ऐकत बसला, फक्त आता पैसे भरून.

आणि ‘सगळे सामने’ हे तर साफ खोटं. गोव्यात घराघरात फुटबॉल आहे, त्यामुळे इथे हा हिशेब जास्तच बोचतो. २०२५-२६ च्या हंगामात इंग्लंडची प्रीमियर लीग जिओहॉटस्टारवर, युरोपातली चॅम्पियन्स लीग सोनीलिव्हवर, स्पेनची ला लीगा फॅनकोडवर. तीन दुकानं, तीन पासवर्ड, तीन वेळा पैसे. माझा भाचा लिव्हरपूलचा भक्त. त्याचा संघ शनिवारी एका ॲपवर खेळतो आणि बुधवारी रात्री दुसऱ्यावर. त्याला एकच संघ बघायचाय, पण एक संघ विकत देणारं दुकान कुणी उघडलेलंच नाही.

आपल्या एफसी गोवा या फुटबॉल क्लबचंही तेच. २२ ऑक्टोबर २०२५ ला सौदीचा अल नासर संघ मडगावात फातोर्ड्याच्या मैदानावर आला. एशियन चॅम्पियन्स लीग टूचा सामना, आमच्या फोंड्यापासून पाऊण तासाच्या वाटेवर. ज्यांना मैदानावर जाता आलं नाही त्यांनी फॅनकोडकडे वळायचं. ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, आपण १-२ ने हरलो, तरी वाड्यावर रात्री उशिरापर्यंत दुसरा विषय नव्हता. आमच्या शेजारच्या घरात तिघे भाऊ दहा-बारा पिढ्या गोव्याचेच असावेत तसे फुटबॉलवेडे. त्यांच्याकडे प्रीमियर लीगसाठी घेतलेलं एक ॲप होतं, त्यावर हा सामना नव्हता. ते तिघे आमच्याकडे आले, जमिनीवर चटई टाकून बसले. म्हणजे दुसऱ्याच्या दारात बसणं संपलेलं नाही.

फुकटच्या सवयीबद्दल फार लिहीत नाही. २०२२ चा फुटबॉल विश्वचषक जिओसिनेमावर फुकट होता. २०२३ आणि २०२४ ची आयपीएलही तशीच. लोकांनी मोर्चा काढून ती फुकट करून घेतली नव्हती. गिऱ्हाईक जोडण्यासाठी कंपनीने दिली आणि गिऱ्हाईक जोडलं गेल्यावर २०२५ ला काही मिनिटांनंतर पैसे मागायला सुरुवात केली. धंदा म्हणून ते त्यांनी जरूर करावं. पण सवय लावणाऱ्याने सवयीचा ठपका माझ्या बाबांवर ठेवू नये.

‘दूरदर्शन आहेच’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं, कारण ते चांगल्या मनाची माणसंही म्हणतात. आपल्याकडे २००७ चा कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून ठरवलेल्या सामन्यांचं थेट चित्र खासगी वाहिनीने प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला द्यायचं, जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा प्रसारणाचे हक्क घेणाऱ्यांचा, उरलेला प्रसार भारतीचा. कायदा चांगलाच आहे. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने, ऑलिंपिक, फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत त्याच्या यादीत आहेत. आयपीएल नाही, एफसी गोवा खेळतो ती फुटबॉलची आयएसएल लीगही नाही. म्हणजे एफसी गोवाचा लीगमधला सामना दूरदर्शनवर आलाच पाहिजे असं या कायद्याने म्हणता येत नाही.

बरं, जे सामने यादीत आहेत ते तरी दिसतात का? २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असं मिळालेलं चित्र प्रसार भारतीने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या ट्रान्समीटरवरून आणि स्वतःच्या डीटीएचवरून, म्हणजे डीडी फ्री डिशवरून दाखवायचं. केबलवर किंवा खासगी डिशवर दूरदर्शन लावलं तरी त्या वेळी तो सामना तिथे नसतो. ट्रान्समीटरचं म्हणाल तर २०२२ च्या मार्चपर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने ट्रान्समीटर बंद झाले. माडीवरचा तो अँटेना आता कावळ्यांना बसायला. राहिली फ्री डिश. तिला महिन्याचे पैसे नाहीत हे खरं, पण छत्री आणि बॉक्स वेगळा घ्यावा लागतो आणि छत्रीला आकाश मोकळं लागतं. माझ्या मावशीचं घर कुळागरात आहे. चारी बाजूंनी माड आणि पोफळी. छत्री बसवायला आलेला पोरगा शिडी घेऊन घराला तीन फेऱ्या मारून गेला आणि शेवटी म्हणाला, दोन माड तोडले तर होईल. मावशीने त्याला चहा पाजून परत पाठवलं. ‘दूरदर्शन आहेच’ म्हणणाऱ्याने तिच्या अंगणात उभं राहून ते म्हणून दाखवावं.

आता केबलवाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केबलचे नियम ठरवणाऱ्या ट्राय या सरकारी संस्थेच्या सुधारित दरनियमांनंतर मोठ्या प्रसारण समूहांनी नवे दर लावले. केबल कंपन्या म्हणाल्या, हे आमच्या गिऱ्हाइकाला झेपणार नाही, आम्ही करारावर सही करणार नाही. ज्यांनी सही केली नाही त्यांचे सिग्नल कापले गेले. केबल कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे देशात साडेचार कोटी घरांतली चॅनलं गेली. त्याच दिवसांत भारत-ऑस्ट्रेलिया दिल्ली कसोटी चालू होती. १९ तारखेच्या रविवारी सकाळी जडेजाने ४२ धावांत ७ बळी घेतले, ऑस्ट्रेलियाचा डाव ११३ वर आटोपला. आमच्या टीव्हीवर त्या वेळी निळा पडदा आणि एक ओळ. बाबांनी बॉक्स बंद करून चालू केला, वायर काढून फुंकर मारली, कार्ड पुसलं. त्यांना वाटत होतं बिघाड आपल्याच घरात आहे. मग आमच्या केबलवाल्या पोराला फोन. तो स्कूटर घेऊन दारात आला, घामाघूम, सकाळपासून वाड्यावाड्यावर शिव्या खात फिरत होता. दर त्याने ठरवले नव्हते, करारावर सही त्याची नव्हती, त्याच्या वरच्या कंपनीने त्याला काही कळवलंही नव्हतं. बाबांनी महिन्याचे पैसे पाच तारखेलाच भरले होते. बंद दिवसांचा एक रुपया वळता झाला नाही. भांडण दोन बड्यांचं आणि त्यांच्यात ना बाबा, ना स्कूटरवरचा तो पोरगा. चॅनल गेलं की दोष केबलवाल्याचा, असं लिहिणाऱ्याला ही साखळी माहीतच नाही.

राहता राहिला क्लब जगवण्याचा मुद्दा. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले. क्रिकेटमध्ये पैसा आहे, मान्य. पण तुम्ही भरलेल्या पॅकमधून आपल्या फुटबॉलला किती मिळालं? साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब २०१६ साली आय-लीग या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेतून बाहेर पडले. ११ जुलै २०२५ ला आयएसएलचा नवा हंगाम थांबवल्याचं जाहीर झालं, कारण देशाचा फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. प्रेक्षकाने पैसे दिले नाहीत म्हणून काही ते थांबलं नाही.

बाबांनी त्याआधीच, फेब्रुवारीत, पेन्शनच्या पैशांतून वर्षाचा पॅक घेतला होता. म्हणाले, दर तीन महिन्यांनी तुला सांगायला नको, गोव्याचे सामने निवांत बघू. एप्रिलमध्ये लीग संपली, आयपीएल झाली, आणि त्यानंतर ऑक्टोबर आला, दिवाळी होऊन गेली, नोव्हेंबर आला. दर शनिवारी संध्याकाळी ते रिमोट माझ्यापुढे धरून विचारायचे, “आज गोंयची मॅच ना मरे?”

काका, हे मी तुम्हाला ग्रुपवर लिहिलंय कारण तो मजकूर तुम्ही ग्रुपवर टाकलात. रविवारी घरी या. बाबा तुमची वाट बघतायत.