जळगावात राहून जहाजं

जळगावात राहून मी जहाजांचे फोटो काढतो असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे न बघता आधी माझ्या बायकोकडे बघतो. विमानांचे काढत असतो तर खपलं असतं, विमान निदान डोक्यावरून तरी जातं. "केळीच्या बागेचे काढा ना भो, जहाजं कुठून आणणार इथं?" हा सल्ला मला फुकट आणि वारंवार मिळतो.

तसा समुद्राशी आमचा अगदीच संबंध नाही असं नाही. आमची तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते. मोगलाईत बुऱ्हाणपूरचं कापड खानदेशातूनच सुरतेला जायचं आणि तिथून जहाजात चढायचं. तापीचं मुख गाळाने भरलेलं, म्हणून मोठी जहाजं आत न येता जवळच समुद्रकाठच्या सुवाळीला नांगर टाकून थांबत. एवढं सगळं मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगतो. मंडळी शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "ते ठीक आहे, पण यंदा कापसाला काय भाव मिळेल?"

खरा हंगाम मे महिन्यात. पारा ४५ च्या पुढे गेला की कूलरसमोर लादीवर आडवं पडून मी मोबाईलवर जहाजं बघतो. मोठं जहाज आपलं नाव, वेग, दिशा रेडिओवरून सारखं सांगत असतं आणि ते नकाशावर इवल्याशा बाणासारखं दिसतं. सुरतेजवळच्या हजिरा बंदराबाहेर टँकर ताटकळतोय, एखादं म्हातारं मालवाहू जहाज गुजरातेतल्या अलंगला मोडीत निघालंय. अलंगला भरती जबरदस्त असते, तिच्या जोरावर जहाज सरळ किनाऱ्यावर चढवतात आणि मग तोडतात. अशा शेवटच्या खेपेला कितीदा नाव अर्धं पुसून टाकतात, झेंडाही बदलतात. पण सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, बांधणीपासून भंगारापर्यंत तोच राहतो. आम्ही लोक तो टिपून ठेवतो. माझ्या वहीत दुधाचा हिशेब दोन पानं आहे, बाकी सगळे आयएमओ क्रमांक.

पण लादीवर पडून फोटो निघत नाहीत, आणि बुडालेलं किंवा अडकलेलं जहाज काही तुमच्या रजेची वाट बघत नाही. २०११ च्या पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्याला आधी 'विझडम' लागलं. ते कोलंबोहून ओढत अलंगला नेत होते, वाटेत दोर तुटला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत 'पवित' येऊन रुतलं. खलाशांनी ते ओमानच्या बाजूला सोडून दिलं होतं, ते एकटंच तरंगत आलं. बिनमाणसाचं, बिनइंजिनाचं जहाज अरबी समुद्र ओलांडून मुंबईला पोचलं आणि मला जळगावहून मुंबईचं आरक्षण मिळालं नाही.

मिळालं तरी पुढे ओहोटी असते. आम्हाला पाण्याच्या वेळा कळतात त्या नळाच्या. समुद्राची ओहोटी मात्र रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि रुतलेल्या जहाजाचा तळ बघायचा तर तीच गाठावी लागते. त्यात ती उजेडात हवी, आणि सूर्य जहाजाच्या मागे नको. हे सगळं रेल्वेच्या वेळापत्रकात बसवून दाखवणाऱ्याला मी केळी खाऊ घालीन.

रत्नागिरीच्या मिऱ्याला 'बसरा स्टार' ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किनाऱ्याला लागलं आणि तिथेच राहिलं. लॉकडाऊन सैल होताच मी घरात गणपतीपुळ्याचा विषय काढला. दर्शन झालं, मोदक झाले, आणि परतताना गाडी आपोआप मिऱ्याकडे वळली. बंधाऱ्याला टेकून अख्खं जहाज उभं! गंजाचे पापुद्रे सुटलेले, त्यांच्या कडा उन्हात केशरी झालेल्या, रंगाखालून जुना रंग डोकावतोय. मी गुडघ्यावर बसलो. बायको म्हणाली, "अहो, हे भंगार बघायला आपण एवढ्या लांब आलो?"

मी लेन्स बदलत होतो तेवढ्यात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी मला निरखलं. मग दबक्या आवाजात म्हणाले, "अख्खं घेणार, की किलोवर?" मी नुसता फोटो काढतोय हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. जाताना बजावून गेले, "मालकाने जास्त सांगितलं तर ऐकू नका."

ज्या बंदरात जहाजं नीट तरंगत असतात तिथे कॅमेऱ्याला बंदी, आणि ती योग्यच आहे. पण मी बाहेरच्या रस्त्यावर, कुंपणापासून लांब उभा होतो तरी रखवालदार आला. आधारकार्ड बघून त्याचा संशय दुप्पट झाला. "जळगाव? तिथे समुद्र आहे?" नाही म्हणून तर आलो, म्हटलं. त्याने विचार केला आणि कार्ड परत दिलं. "तुमच्याकडचं सोनं खरंच चोख असतं का हो?" मग पाऊण तास तो पोरीच्या लग्नाच्या दागिन्यांचा सल्ला घेत राहिला. त्याच्या पाठीमागून एक निळं कंटेनर जहाज, भोंगा वाजवत, डाव्या कुशीवर सुरेख ऊन घेऊन निघून गेलं.

शेवटी बायको म्हणाली, जवळचं काहीतरी धरा. म्हणून चांगदेवला गेलो. तापी-पूर्णेचा संगम, देऊळ, सकाळचं कोवळं ऊन आणि काठाला एकच लाकडी होडी. डांबर फासलेली, टोकाला हळदकुंकू. आयएमओ क्रमांक नाही, पण बांधा बघण्यासारखा. मी चिखलात पोटावर पडून होडीचं टोक आणि कळस एका रेषेत आणले, तेवढ्यात नावाडी समोर आला.

"दादा, कॅमेरा भारी दिसतो. माझा एक पासपोर्ट साइज काढा ना, बँकेत केवायसीले लागतो."

म्हटलं, काढतो की, होडीजवळ उभे राहा.

"होडी नको ना दादा, मागे पांढरं लागतं." त्याने खांद्यावरचा पंचा माझ्या बायकोच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी ताणून धरला, तशी मागची होडी अख्खीच्या अख्खी झाकली गेली. "अहो, काढा पटकन," ती म्हणाली, "आणि कान दोन्ही दिसले पाहिजेत."