चॅम्पियन व्हा आणि कुलूप लावा

‘अरे, शेवटी हा बिझनेस आहे बॉस!’ नॅस्कारचा, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक-कार शर्यतींचा, विषय निघाला आणि मी ‘फर्निचर रो रेसिंग’ या बंद पडलेल्या टीमचं नाव काढलं की कुणीतरी हे वाक्य तोंडावर फेकतंच. डोकं फिरतं माझं! बिझनेस आहे हे मलाही कळतं हो. पण जिथे सगळ्यांत चांगलं काम करणाऱ्यालाच दुकान बंद करावं लागतं, तो बिझनेस कुठल्या गावचा?

बार्नी व्हिसर नावाच्या फर्निचरच्या व्यापाऱ्याने २००५ मध्ये ही टीम काढली. तीही कुठे, तर कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला. नॅस्कारच्या जवळपास सगळ्या टीम्स नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटच्या आसपास. मेकॅनिक तिथे, सुटे भाग बनवणारे तिथे, कितीतरी ट्रॅक तिथून जवळ. आणि हे दीड हजार मैलांवर डोंगरात बसलेले. लोक हसले. हसू द्या. २०११ मध्ये त्यांच्या रीगन स्मिथने डार्लिंग्टनच्या ट्रॅकवरची ‘सदर्न ५००’ ही मानाची शर्यत जिंकली, तेव्हा हसणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असणार. मग मार्टिन ट्रूएक्स ज्युनियर हा ड्रायव्हर आला. पहिलं वर्ष पार वाया, पण टीमने त्याला हाकललं नाही (हल्ली इतका दम कोण धरतं?). २०१६ ला शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीत ४०० पैकी ३९२ लॅप्स हा पठ्ठ्या पुढे होता. त्यांच्याच अंगणात! आणि २०१७ ला आठ शर्यती आणि होमस्टेडच्या शेवटच्या शर्यतीत थेट हंगामाचं अजिंक्यपद. व्हिसरला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, बायपास झालेली, त्यामुळे तो बिचारा ट्रॅकवर नव्हताच. आपल्याकडे सोमवारची पहाट होती. मी वेड्यासारखा ओरडलो होतो.

त्याला पुरते दहा महिनेही झाले नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं, हंगाम संपला की टीम बंद.

का? तर ‘५-आवर एनर्जी’ हा एनर्जी ड्रिंकवाला मोठा प्रायोजक निघून गेला. जिंकणाऱ्या गाडीवरून! आणि ‘जो गिब्ज रेसिंग’ या बड्या टीमकडून चॅसिस (गाडीचा सांगाडा) आणि तांत्रिक मदत घ्यायची, तिचा खर्च वाढतच चाललेला. नाकापेक्षा मोती जड. व्हिसर म्हणाला, कर्ज काढून मी शर्यती लढवणार नाही. त्याच्यावर मी काय चिडू? वर्षानुवर्षं खिशातून ओतलेच की त्याने.

माझा राग आहे तो वाटपावर. तेव्हाच्या करारात टीव्हीच्या पैशातले ६५ टक्के ट्रॅकवाल्यांना, १० नॅस्कारला आणि गाड्या पळवणाऱ्या टीम्सना २५. वर त्यातले कितीतरी ट्रॅक नॅस्कार चालवणाऱ्या, फ्रान्स आडनावाच्या घराण्याच्याच कंपनीचे. म्हणजे वाढणाराही मीच आणि पंगतीत पहिला बसणाराही मीच! टीमने मग प्रायोजकांच्या दारात कटोरा घेऊन उभं राहायचं. एक गेला की संपलं, चषक कपाटात असला तरी.

आणि त्या मंडळींनी हात-पाय गाळले का? नाही! नोकऱ्या जाणार हे माहीत असूनही शेवटच्या शर्यतीपर्यंत अजिंक्यपदासाठी लढले. दुसऱ्या टीमच्या जोई लोगॅनोने मागे टाकलं, दुसरे आले. दुसरे! बंद पडणारी टीम!

पुढे ट्रूएक्स आणि क्रू चीफ (गाडीची तयारी आणि डावपेच सांभाळणारा) कोल पर्न गिब्जकडे गेले. ज्या चार्टरमुळे दर शर्यतीत जागा पक्की असते, तो ‘स्पायर’ या दुसऱ्या टीमने विकत घेतला आणि २०१९ च्या जुलैत, पावसाने अर्धवट थांबलेल्या डेटोनाच्या शर्यतीत, त्यावर जिंकलेही. कागद जिंकला, डेन्व्हरची वर्कशॉप बंद.

२०२४ संपताना ‘स्टुअर्ट-हास’ ही टीमही गेली. दोन अजिंक्यपदं, चार गाड्या, तीही खलास. आता सांगा, बिझनेस आहे म्हणून. सांगाच.