प्रिन्स, बाटल्या आणि नंदूचं बिल

रविवारी सांगलीतल्या आमच्या टपरीवर पोचलो तेव्हा विषय पेटलेलाच होता. मन्या लॅपटॉपवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा जुना गेम खेळत होता, जुन्या पुस्तकं-सॉफ्टवेअर जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या साइटवरून, थेट ब्राउझरमध्ये.

"2015 पासून आहे लेको. विंडोजच्या आधीच्या डॉसवरचे दोनेक हजार गेम एकदम टाकलेले त्यांनी."

"चोरी आहे ही," सुहाससाहेब म्हणाले. (कंपनीत लोकांची लायसन्स तपासतो. चहाचे पैसे द्यायची वेळ आली की फोन कानाला लावून लांब जातो.) "सॉफ्टवेअर म्हणजे मालमत्ता. मालकाच्या परवानगीशिवाय..."

"बारावीला तुझी गटांगळी व्हायची वेळ आलेली ती याच मालमत्तेपायी," नंदू म्हणाला. "पहिली लेव्हल संपली की बाटल्यांची खोली यायची. विकतच्या गेमबरोबर मिळणाऱ्या मॅन्युअलमधलं अक्षर विचारायचे. होतं मॅन्युअल तुझ्याकडं?"

साहेब गप्प.

"आणि वहीच्या मागं 'प्रिन्स मेगाहिट' हा चीट कोड कुणी लिहिलेला?"

"तो... शैक्षणिक वापर होता."

चहा नाकातून आला माझ्या.

"गेम लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनरचाच मूळ कोड हरवला होता," नंदू सुटलाच. "2012 ला त्याच्या वडिलांना कपाटात फ्लॉप्या सापडल्या. वाचायच्या कशा? मग अर्काइव्हचा जेसन स्कॉट मदतीला आला. म्हणजे मालकाची मालमत्ता मालकाला तुझ्या चोरांनी काढून दिली!"

"पण कायद्यात कॉपीराइटची मुदत असते."

"आपल्याकडं लेखक मेल्यावर साठ वर्षं. गेममध्ये राजकुमारीला सोडवायला साठ मिनिटंच होती, ती निदान जिवंत तरी सापडायची. फ्लॉपीला एका पावसाळ्यात बुरशी येते."

हे नंदूनं बोलावं, कारण 2005 च्या पुरात त्याचा छापखाना छातीभर पाण्यात होता. फ्लॉप्या गेल्या. माळ्यावरच्या सीड्या वाचल्या, पण त्यात सगळं जुन्या फाँटमधलं. तेव्हा मराठी अक्षरं साठवायचं प्रत्येक कंपनीचं कोडिंग वेगळं. आज फाइल उघडली की 'सप्रेम निमंत्रण'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ.

"गेम जगभरच्या पोरांनी जपले," तो म्हणाला. "आपल्या डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायची, ती सगळी वर्षं कोण जपणार? फाइल आहे, फाँट नाही. सॉफ्टवेअर मिळालं तरी प्रिंटरच्या पोर्टात डोंगल, म्हणजे कंपनीनं दिलेली किल्लीसारखी डबी, लावल्याशिवाय चालायचं नाही."

"मग डोंगल कुठाय?"

"कृष्णेत."

क्षणभर कुणी बोललं नाही. मन्याचा प्रिन्स तेवढा खिळ्यांवर पडला.

"तुझ्या लग्नाची पत्रिकाही त्यातच आहे सुहास. 2001. आणि पत्रिकेचं बिलही."

"दिलेत की मी ते पैसे!"

"अर्धे."

"पुरावा दाखव!"

"आहे की. उघडत नाही."

साहेबांचा चेहरा एकदम खुलला. "नंद्या, ते जुने फाँट वगैरे... खरंच कुणी जपू नयेत हां. मालमत्ता असते ती." आणि फोन कानाला लावून तो लांब गेला. चहाचे पैसे मन्यानं दिले.