चंद्रतालच्या काठावर तंबू ठोकता येत नाही

फोंडा-डिचोलीकडच्या ग्रुपांवर फॉरवर्ड फिरतोय: ‘स्पितीतल्या चंद्रतालच्या काठावरच तंबू ठोका, गाडी थेट पाण्यापर्यंत जाते.’ दोन्ही गोष्टी खोट्या. हिमाचल प्रदेशातला हा नैसर्गिक तलाव २००५पासून रामसर पाणथळ (पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली जागा) आहे, भोवतालचा परिसर अभयारण्य. काठावर मुक्कामाला बंदी आहे. तंबू काही किलोमीटर अलीकडे लागतात आणि गाडीतळापासून पुढे चालावंच लागतं. फॉरवर्डसोबतच्या फोटोत पाण्याला टेकलेला केशरी तंबू दिसतो, तो फोटो बंदीपूर्वीचा असेल.

खरी काळजी उंचीची. तलाव सुमारे ४,३०० मीटरवर, आणि आपण पडलो दर्याकाठची माणसं! मनालीहून त्याच दिवशी वर गेलात तर डोकं ठणकेल, चार पावलांत धाप लागेल. वाटेत मुक्काम धरा. नाताळच्या सुट्टीचा बेत तर सोडूनच द्या, तेव्हा रस्ता बर्फाखाली असतो.