पहिल्या दालनातलं ते कपाट तिथेच राहील

नमस्कार.

तुमचा अभिप्राय मी पूर्ण वाचला. दोन तारे देताना तुम्ही तीन तक्रारी केल्या आहेत. पहिल्याच दालनात एक अख्खं कपाट एका स्वयंसेविकेच्या वस्तूंना दिलं आहे, ‘भिंग, ब्रश आणि जुन्या वह्या यांत कसला आलाय इतिहास?’ दालनांत उजेड इतका मंद की कागदपत्रं वाचायला काचेला नाक लावावं लागतं. आणि कितीतरी छायाचित्रांखाली ‘व्यक्ती अज्ञात’ एवढंच आहे, म्हणजे संग्रहालयानं अभ्यास केलेला नाही. रेल्वेच्या हातदिव्याची गोष्ट तेवढी आवडली, असंही तुम्ही लिहिलं आहे. संग्रहालय मी चालवतो, तिकीटही मीच लावलं आहे, त्यामुळे उत्तर देणं माझ्याकडेच येतं. या तिन्ही तक्रारी, आणि तो दिवासुद्धा, त्याच स्वयंसेविकेपाशी येऊन थांबतात.

आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. निवृत्त झाल्यावर त्या इथे यायला लागल्या आणि गेल्या वर्षी गेल्या, तोवर संग्रहातल्या वस्तूंची नोंदवही त्यांच्याच हातात होती. मानधन त्यांनी कधी घेतलं नाही.

‘व्यक्ती अज्ञात’पासून सुरुवात करतो, कारण ती तक्रार मला सर्वांत जास्त लागली. छायाचित्र देणारी माणसं प्रेमानं देतात आणि प्रेमानंच सांगतात, की हे आमचे पणजोबा असावेत. ताई ते लिहून घ्यायच्या, पण पुढे ‘देणाऱ्याच्या सांगण्यावरून, दुजोरा नाही’ असंही लिहायच्या. दुजोरा मिळेपर्यंत ते नाव फलकावर जात नसे. यावरून माझे आणि त्यांचे खटके उडाले आहेत. मला भरलेले फलक हवे असायचे. त्यांचं म्हणणं असे की संग्रहालयाच्या भिंतीवर एकदा छापलं गेलं की लोक ते खरं धरून चालतात, त्याचा हवाला देतात, आणि मग खरा माणूस सापडायची वाटच बंद होते. मला ते पटलं आणि आजही पटतं.

त्याच फलकांवरची दुसरी ओळ बहुधा तुमच्या नजरेतून निसटली. नाव नसलं तरी काळ दिलेला आहे, आणि तो कशावरून ठरवला तेही. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद 1850 मध्ये आला आणि एकोणिसावं शतक संपता संपता मागे पडला. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या छायाचित्रांचं पेटंट पॅरिसचे छायाचित्रकार दिस्देरी यांनी 1854 मध्ये घेतलं. जाड पुठ्ठ्यामागचा स्टुडिओचा शिक्का, त्यावरचा पत्ता, कपड्यांची ठेवण, मागचा रंगवलेला पडदा हे सगळं ताई भिंगातून बघायच्या. छापील प्रत मूळ काळातली आहे की जुन्या छायाचित्रावरून नंतर काढलेली, हेही तपासायच्या. कपाटातलं भिंग ते हेच. एकेका चेहऱ्यावर त्यांनी आठवडे घालवले, आणि तरीही शेवटी ‘अज्ञात’ लिहायला त्या कचरल्या नाहीत. याला मी अभ्यास म्हणतो.

उजेडाचं थोडक्यात सांगतो. कागद, कापड आणि जलरंग यांच्यासाठी संग्रहालयांत साधारण 50 लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात. उघड्यावर भर दुपारी तो आकडा कित्येक हजारांत असतो. प्रकाशानं होणारं नुकसान साठत जातं आणि उलटवता येत नाही. उडालेली शाई आणि विटलेला रंग अंधारात ठेवून परत येत नाही. पत्रांच्या दालनातला उजेड वाढणार नाही. वाचायला त्रास होतो हे मात्र रास्त आहे, त्यामुळे त्या पत्रांचा मजकूर मोठ्या अक्षरांत छापून हातात घेता येईल असा ठेवतो आहे. मजकूर मुळात उतरवलेला आहेच, तोही ताईंनी, कपाटातल्या त्याच वह्यांत.

आता तो दिवा. नुसता पाहिला तर रेल्वेतला एक जुना हातदिवा, तसे भंगाराच्या दुकानातही मिळतात. तो आणून देणाऱ्या बाईंना ताईंनी खुर्ची दिली आणि प्रश्न विचारत बसल्या. कोण वापरायचं, कोणत्या पाळीला, काच कधी बदलली, मुठीला गुंडाळलेली दोरी कोणाची? वडील गार्ड होते, थंडीत धातूची मूठ हाताला चटका देई म्हणून आईनं ती दोरी गुंडाळली होती, हे त्या गप्पांतून निघालं. ज्या गोष्टीपाशी तुम्ही थांबलात ती ताईंनी विचारलं म्हणून उरली. देणाऱ्या बाई आता नाहीत. त्या दिवशी कोणी नुसती पावती फाडून दिवा ठेवून घेतला असता, तर फलकावर ‘हातदिवा, लोखंड आणि काच’ एवढंच लिहिता आलं असतं.

वस्तूवरचा क्रमांक हेही त्यांचंच काम. आधी वर्ष, मग त्या वर्षीची कितवी देणगी, मग त्या देणगीतली कितवी वस्तू. धातूवर आधी पॅरालॉइड बी-72 या वार्निशसारख्या कृत्रिम राळेचा पारदर्शक थर, त्यावर शाईनं क्रमांक, वर पुन्हा थर, म्हणजे पुढेमागे ॲसिटोन या द्रावकानं सगळं पुसता येतं आणि मूळ वस्तूला धक्का लागत नाही. छायाचित्राच्या मागे बॉलपेन कधीच नाही. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ शिसपेन, कडेला, हलक्या हातानं. कापडात कसर दिसली की प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे 20 अंशांत दोन आठवडे. कागद हाताळताना सुती हातमोजे घालायची जुनी पद्धत त्यांनीच इथे बंद केली: मोज्यांत बोटांना कागदाची कड समजत नाही आणि पान फाटतं, त्यापेक्षा धुतलेले, कोरडे हात बरे. छायाचित्रं आणि धातूला मात्र नायट्राइलचे, म्हणजे पातळ कृत्रिम रबराचे, मोजे. हे त्या वाचून, तज्ज्ञांना पत्रं लिहून शिकल्या आणि नव्या मुलांना शिकवलं. आज दालनात दिसणारी तरुण मंडळी त्यांच्याच हाताखाली तयार झाली आहेत.

स्वयंसेवकाला दालनात जागा कशाला, याचं उत्तर म्हणून एक संदर्भ देतो. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेनं 2022 मध्ये प्राग इथे संग्रहालयाची जी नवी व्याख्या मंजूर केली, तिच्यात लोकसमूहांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण ती व्याख्या नसती तरी मी हे कपाट ठेवलं असतं. स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात राजांची शस्त्रं नसतात. साध्या माणसांनी वापरलेल्या वस्तू असतात आणि दुसऱ्या एखाद्या साध्या माणसानं त्या जपलेल्या असतात. वापरणाऱ्यांची नावं आम्ही लावतो, मग जपणारीचंही लावू. शिवाय पुढच्या दालनांतलं सगळं ज्या वह्यांवर उभं आहे, त्या वह्या आधी पाहाव्यात असं मला वाटतं, म्हणून कपाट पहिल्या दालनात आहे.

तिकिटाचे पैसे वाया गेले असं तुम्हाला वाटत असेल, तर पुन्हा या, तिकीट लागणार नाही. खिडकीवर या अभिप्रायाचा उल्लेख करा आणि मला बोलवायला सांगा. नोंदवहीच्या प्रती संशोधकांसाठी ठेवल्या आहेत, त्या तुम्हालाही दाखवतो. आणि ‘अज्ञात’ चेहऱ्यांपैकी एखादा तुमच्या किंवा तुमच्या घरातल्या थोरामोठ्यांच्या ओळखीचा निघाला, तर जरूर सांगा. कशावरून ओळखलंत, हे मात्र आम्ही विचारू.

– संग्रहालयाचा चालक