पंधरा किलोत हिमालय बसवायचा

विमानात चेक-इनला पंधरा किलो आणि हातात सात किलो, हा हिशेब ज्यानं काढला त्याच्या घरात आई नसणार, आणि असली तरी बेळगावची नसणार.

आमचे आजोबा खानापूरच्या जंगलात शिकारीला जायचे म्हणे. बैलगाडी, घोंगडं, चार भाकऱ्या, बंदूक, संपलं सामान. 1972 ला वन्यजीव कायदा आला आणि आमच्या घराण्यातली शिकार थांबली, थांबली ते बरंच झालं म्हणा, खरं जंगलात जाऊन झोपायची खाज काय गेली नाही. म्हणून मे महिन्यात उत्तराखंडातल्या हर की दूनला तंबू ठोकायचं ठरलं, साडेतीन हजार मीटरच्या आसपास. बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं दिल्ली विमान, तिथनं डेहराडून, पुढं गाडी.

तंबू, त्याच्या काठ्या, खिळे, मॅट, स्लीपिंग बॅग, पातेली, रेनकोट, बूट, सगळं हॉलमध्ये मांडलं तर शेजारचे विचारायला लागले की घर बदलायलाय काय. गॅसचा डबा विमानात चालत नाही, ना पोटात ना हातात, तो तिकडं विकत घ्यायचा. काडेपेटी नको. पॉवरबँक चेक-इनला टाकायची नाही, हातातच ठेवायची. तंबूचे खिळे मात्र हातात न्यायचे नाहीत, ते चेक-इनला. प्रत्येक वस्तूची सोयरीक वेगळ्या घरी.

स्लीपिंग बॅग हे तर वेगळंच प्रकरण. तिची घडी घालायची नसते हे मला नंतर कळलं, पायाकडनं मुठीमुठीनं पिशवीत कोंबत जायचं. एका बाजूनं कोंबलं की दुसरीकडनं हवा फुस्स करून बाहेर येते आणि मघाशी आत गेलेलं टोक परत डोकं वर काढतं. शेवटी बायकोला म्हटलं, जरा बस ह्याच्यावर. ती बसली, मी नाडी ओढली, आणि ती बसल्या बसल्या म्हणाली, "अहो, उठू काय आता? कुकर लावायचाय."

वजनाचं काय करायचं? घरातला काटा बघायला बॅगेवरनं वाकलं की आकडा दिसत नाही, बॅग उचलून आपण काट्यावर चढलं की पोटामुळं दिसत नाही. गल्लीत रद्दीवाला आला तसा त्याच्याच ताणकाट्याला बॅग अडकवली. अठरा किलो! तो गंभीरपणे म्हणाला, "साहेब, नायलॉनला भाव नाही हो." सगळी गल्ली बाहेर. एकीनं बूट काढा सांगितलं, दुसऱ्यानं तंबूच काढा सांगितला, म्हणजे नेमकं जायचं कशाला हे कुणी सांगेना.

बूट पायात गेले, जाकीट अंगात, जाकिटाच्या खिशात मोजे, हातमोजे, टॉर्च. माणसाचं वजन करत नाहीत हे फार बरं. बाहेर वळवाच्या आधीचा उकाडा आणि मी बर्फाचा बंदोबस्त करून घामानं निथळत उभा.

एवढं करून काटा पंधराला टेकला तर आई खोबऱ्याच्या वाट्या घेऊन हजर. थंडीत अंगात ऊब पाहिजे म्हणे, गुळाबरोबर खायचं. म्हटलं आई, सुकं खोबरं 2022 पासून चेक-इनला बंद केलंय, तेल असतंय त्यात, पेट घेऊ शकतं. आई म्हणाली, "एवढी वर्षं डब्यात ठेवतोय, एकदा तरी पेटलंय काय रे?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, विमान कंपनीकडं असेल. कुंद्यावर, आमच्या बेळगावच्या मिठाईवर, तडजोड झाली. कुंदा चालतोय की.

सांबऱ्याला काउंटरवर बॅग ठेवली, मी श्वास धरला. बाई आधी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या, मग माझं जाकीट बघून हिंदीत. वजन पास! मी दोन पावलं गेलो असेन नसेन, तर मागनं हाक आली. स्कॅनरमध्ये काहीतरी गोल गोल दिसतंय म्हणे, बॅग उघडा.

उघडली. तंबूत नाही, पातेल्यात नाही. सिक्युरिटीवाल्यानं स्लीपिंग बॅगेकडं बोट केलं, नाडी सोडायला लावली, ती पिशवीतनं उसळून अख्ख्या टेबलावर पसरली आणि तिच्या पायाच्या टोकातनं एक एक करत चार वाट्या घरंगळत निघाल्या.

तो हसला, वाट्या बाजूला ठेवल्या आणि म्हणाला, भरा आता. मी कोंबायला लागलो. मागं रांग वाढलेली, हवा फुस्स, टोक वर. शेवटी लाज सोडली आणि त्यालाच म्हटलं, "साहेब, जरा ह्याच्यावर बसता काय?"