किती ठिकाणी टाकून राहिला?

सप्टेंबर लागला, की नागपुरात बीईच्या शेवटच्या वर्षाच्या पोराला भेटेल तो काका परदेशी शिकायला जायच्या अर्जांबद्दल एकच विचारतो, "मग, किती ठिकाणी टाकून राहिला?" कोणता विषय, कोणता देश, पैसे कुठून, हे सगळं मागाहून. आधी आकडा. चार म्हटलं तर "बस्स? चारच?" आणि चौदा म्हटलं तर "काटोलला संत्र्याची बाग आहे काय रे तुमची?" या दोहोंच्या मधला आकडा शोधता शोधता आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात आणि संपायलाही लागतात.

पहिली यादी नेहमी चाळीसेक नावांची असते. ती एक्सेलमध्ये असते आणि रंगवलेली असते: लाल म्हणजे ड्रीम (लागलं तर नशीब), पिवळा टार्गेट (जमण्यासारखं), हिरवा सेफ (नक्की लागेल असं). रंगकामाला तीन आठवडे लागतात, एसओपीला, म्हणजे 'मला हेच का शिकायचंय' या निबंधाला, तीन दिवस उरतात.

मग घरातलाच एखादा गणिती पुढे सरसावतो. "दहा ठिकाणी टाक. एकेका ठिकाणी दहाच टक्के चान्स धर. तरी कुठे ना कुठे लागायची शक्यता पासष्ट टक्के!" गुणाकार बरोबर आहे, फक्त तो लॉटरीच्या तिकिटांना लागू पडतो. दहा तिकिटांचा एकमेकांशी संबंध नसतो. इथे दहाही ठिकाणी तेच मार्क, तोच एसओपी आणि त्याच तीन सरांची शिफारसपत्रं जातात. एकच कच्चं संत्रं फोडी करून दहा घरी वाटलं, तर ते कुणाकडेच गोड निघत नाही. म्हणून नकार येतात तेव्हा थव्याने येतात. अकरावा फॉर्म भरण्यापेक्षा एसओपी चौथ्यांदा लिहिलेला बरा, असं माझं मत आहे. ते घरात कुणालाच पटत नाही, कारण फॉर्म मोजता येतात.

आता खर्च. अमेरिकेत एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर. सरासरी ९५ धरली, तर बारा अर्जांचे ११४० डॉलर झाले. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तरी ९६,९०० रुपये, आणि ते परत मिळत नाहीत. एकाच विद्यापीठात दोन कोर्सना टाकलं तर बहुतेक ठिकाणी फीही दोनदा. काही ठिकाणी एका वर्षात एकच अर्ज चालतो, हे फी भरण्याआधी वाचायचं असतं. जीआरई या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर परीक्षेच्या दिवशी चार ठिकाणी फुकट जातो, पाचव्यापासून पैसे. त्यातही कित्येक कोर्सना जीआरई आता लागतच नाही आणि कित्येकांना अर्जात नुसता आकडा लिहिलेला चालतो, अधिकृत स्कोअर प्रवेश मिळाल्यावर. एवढं वाचलं तर पाच-सात हजार वाचतात, पण वाचतो कोण? सीजीपीए दहापैकी असेल तर दहापैकीच लिहावा, तो चारपैकी करायची हौस विद्यापीठांना भागवू द्यावी. आणि शेवटच्या पानावर कार्ड नाकारलं जातं तेव्हा खात्यात पैसे असतात. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचे राहिलेले असतात.

पण आकडा खरा ठरवतात ते सर. प्रत्येक अर्जाला बहुधा तीन पत्रं, म्हणजे बारा अर्जांना छत्तीस. दर वेळी सरांना वेगळी लिंक जाते, ती स्पॅममध्ये पडते, आणि उघडली की विचारते, हा विद्यार्थी वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत? कित्येक पोर्टलांना कॉलेजचा ईमेल लागतो. सरांचा सगळा संसार जीमेलवर. पहिल्या चार लिंका सर हौसेने भरतात. सहावीला "पाहतो" म्हणतात. आठवीनंतर स्टाफरूममध्ये दिसायचे बंद होतात. म्हणून मी म्हणतो, आठ ठिकाणी टाकावं. त्यामागे कुठलंही शास्त्र नाही. तेवढीच सरांची शक्ती आहे.

आठ कोणते, हा खरा वांधा. ड्रीम दोन पुरेत. ती निवडायला अक्कल लागत नाही. मधली चार निवडताना विद्यापीठाचं नाव बाजूला ठेवून विभागाचं पान उघडायचं. थिसिस आहे का, कोर्स खरंच दर वर्षी शिकवतात का, आणि पीएचडी असेल तर ज्यांच्या हाताखाली काम करता येईल अशी दोन-तीन नावं सापडतात का. एकाच प्राध्यापकाच्या भरवशावर टाकलं, आणि ते निवृत्तीला आलेले निघाले, तर ९५ डॉलर पाण्यात.

सगळ्यात घोळ सेफचा. मी एकच विचारतो: बाकी सातही ठिकाणी नाही म्हटलं, तर इथे जाशील का? उत्तर "पाहू नं" आलं, की काट मारायची. जायची तयारी आहे पण फी झेपत नाही, तर तेही सेफ नाही. कम्प्युटर सायन्समध्ये तर हा प्राणी दुर्मीळच. ताडोबात वाघ दिसेल एक वेळ. फुकट सल्ला देणाऱ्या दुकानात मात्र सेफचे कळप असतात, कारण काही विद्यापीठं त्यांना दर विद्यार्थ्यामागे दलाली देतात.

जर्मनीचा हिशेब वेगळा. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेला पहिल्या अर्जाचे ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाचे ३०. त्याआधी आपल्या मार्कशीटा तपासून देतात ते एपीएसचं प्रमाणपत्र, १८,००० रुपये. पुढचे अर्ज स्वस्त म्हणून पोरं सुटतात. पण तिथे गणिताचे किती क्रेडिट, प्रोग्रामिंगचे किती, असं मोजून घेतात. आपल्या सिलॅबसमध्ये ते नसतील, तर तीस युरो वाया.

अमेरिकेतल्या बऱ्याच मुदती डिसेंबरात, म्हणजे नेमक्या हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास. दोन्हीकडे आधी निवांत आणि शेवटच्या दिवशी सगळं मंजूर करायची घाई. १५ डिसेंबर, रात्री ११:५९, पूर्व किनाऱ्याची वेळ, म्हणजे नागपुरात १६ तारखेचे सकाळी १०:२९. पश्चिम किनाऱ्याची असेल तर दुपारचा १:२९. त्यामुळे आई "तारीख गेली नं रे!" म्हणते, तेव्हा तर्री-पोहे खाऊन फॉर्म भरण्याइतका वेळ हातात असतो. ज्यांची मुदत संध्याकाळी पाचला संपते, त्यांच्यापायी मात्र पोहेही जातात आणि फॉर्मही.

मग मृग बहाराची संत्री आली की निकाल यायला लागतात, आणि तोच काका पुन्हा भेटतो. "किती ठिकाणचं आलं?" आठ टाकले होते, तीन आले, असं सांगितलं की तो बोटांवर पाच मोजतो.